मी पाहिलेला एक अणू

माझ्या कॉलेजातल्या खोलीत, टेबलामागच्या भिंतीवर, एक आलेख वीस वर्षं टांगलेला होता. काळी चौकट, वर काच. आत शेकडो करडे ठिपके आणि त्यांच्यातच एका रेषेनं जोडलेले चार लाल ठिपके. नवीन विद्यार्थी खोलीत आला की त्याची नजर आधी तिकडं जायची, आणि मी सांगायचो, "हा एक अणू आहे. एकच. त्याच्या आधी असा कुणी पाहिला नव्हता." हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो की बोलताना मला काही वाटेनासं झालं होतं. गेल्या महिन्यात ती चौकट मी उतरवली. का उतरवली ते लिहायचं आहे.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. पन्नाशी ओलांडली आहे. मंगळवार पेठेत जन्मलो, तिथंच राहतो. मधली तीन वर्षं तेवढी परदेशात काढली, एका मोठ्या प्रयोगशाळेत. तिथं अतिजड मूलद्रव्यं बनवायचं काम चालायचं.

हे काम काय असतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर माझी चूक कळणार नाही. युरेनियमच्या पलीकडची मूलद्रव्यं निसर्गात जवळपास सापडतच नाहीत. हवी असतील तर बनवावी लागतात. त्यासाठी एका जड मूलद्रव्याचा पातळ पापुद्रा चाकावर बसवतात, चाक गरगर फिरत ठेवतात, नाहीतर पापुद्रा जळून जाईल. त्यावर कॅल्शियमच्या अणुकेंद्रांचा झोत सोडतात. दुधात असतं तेच कॅल्शियम, पण त्याचा एक दुर्मीळ, जास्त न्यूट्रॉन असलेला प्रकार. वेग प्रकाशाच्या दहाव्या हिश्शाइतका. बहुतेक केंद्रं आरपार निघून जातात. जी आदळतात तीही लगेच फुटून वेगळी होतात. आठवडेच्या आठवडे झोत चालल्यावर एखाददुसरी जोडी एकमेकांत मिसळून राहते. मग ते नवं जड केंद्र चुंबकांमधून वाट काढत डिटेक्टरवर येतं आणि त्यात रुतून बसतं.

ते दिसत नाही. डिटेक्टरला तेवढा एक धक्का कळतो. मग ते केंद्र मोडायला लागतं. एक आल्फा कण बाहेर टाकतं, त्याचं दुसरं मूलद्रव्य होतं, ते पुन्हा एक आल्फा टाकतं. साखळीतला शेवटचा दुवा ओळखीच्या केंद्राचा लागतो. त्याच्यावरून मागचे अनोळखी दुवे ओळखायचे. म्हणजे तो अणू जन्मला होता हे त्याच्या मरण्यावरून कळतं.

अडचण अशी की डिटेक्टरवर भटके संकेत सारखे येतच असतात. त्यातले कुठलेही चार उचलून त्यांची साखळी करता येते. म्हणून नियम असतो. संकेत डिटेक्टरच्या एकाच बारीक चौकोनातून यायला हवेत, आणि एकामागून दुसरा ठरावीक सेकंदांच्या आत. ही सेकंदांची मर्यादा झोत सुरू व्हायच्या आधी ठरवायची, नोंदवहीत लिहायची आणि मग तिला हात लावायचा नाही. आधी ठरवायचं, मग बघायचं. या कामातली सगळी अब्रू या एका क्रमावर उभी असते.

आमच्या प्रयोगात ही मर्यादा दहा सेकंद होती. गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी ती नोंदवहीत निळ्या शाईनं लिहून ठेवली होती.

सहा आठवडे झोत चालला. काही मिळालं नाही. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती, कोल्हापुरात एका कॉलेजात प्राध्यापकाची जागा निघाली होती, आणि दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं. शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी, आधीच्या दिवसांची माहिती चाळताना मला तीन ठिपके सापडले. एक केंद्र येऊन रुतलेलं, त्याच चौकोनात थोड्या वेळानं एक आल्फा, मग दुसरा. ऊर्जा जवळपास हव्या तितक्या. चौथा, ओळखीचा, शेवटचा दुवा मात्र नव्हता. तो नसेल तर बाकीचे तीन कचऱ्यात जमा.

मी मर्यादा वीस केली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. चौदाव्या सेकंदाला चौथा ठिपका उभा होता.

तो त्याच अणूचा असेल. आजही मी छातीठोकपणे 'नव्हता' असं म्हणू शकत नाही. तसाच तो भटकाही असू शकेल. तेवढ्या ऊर्जेचे भटके आल्फा त्या चौकोनात अधूनमधून येत होते. मला हे माहीत होतं. नोंदवहीत त्या बाईंच्या ओळीखाली थोडी जागा मोकळी होती. तिथं मी लिहिलं, शेवटच्या दुव्यासाठी वीस सेकंद. पेनही निळंच घेतलं.

गटप्रमुखांनी साखळी पाहिली, नोंदवही पाहिली, आणि मला विचारलं, "ही वीसची मर्यादा आधीच ठरली होती?"

मी म्हणालो, "हो."

इतकंच. त्यांनी त्यानंतर कधीही विचारलं नाही. त्या बाई तेव्हा आजारपणात घरी होत्या. परत आल्या तोवर लेख छपाईला गेला होता. त्यात त्यांचंही नाव होतं. त्यांना आपण काय लिहिलं होतं ते आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. मी त्यांच्यासमोर जायचं टाळलं.

कोल्हापुरात मी उतरलो तेव्हा बातमी आधीच पोचली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाला तालमीनं फलक लावला होता. संध्याकाळी सत्कार, फेटा, नारळ. तालमीचे अध्यक्ष मोठे पैलवान, आता वयानं सुटलेले. त्यांनी माइक हातात धरून मलाच उलटतपासणीला घेतलं.

"सर, सहा आठवडं मशीन चालू, आन् अणू किती मिळालं?"

"एक."

"एकच?"

"एकच."

"मग तो ठेवलाय कुठं?"

"तो राहत नाही. थोड्या सेकंदांत फुटून गेला."

"आता बघा!" ते लोकांकडं वळले. "गड्यानं एवढं केलं आन् ठेवलं न्हाईच!" सगळी गल्ली हसली. मीही हसलो. मग ते गंभीर झाले आणि म्हणाले, "पर मंडळी, ध्यानात घ्या. जगात एकच, आन् तो बघणारा आपल्या पेठंतला. दुसऱ्या कुणी बघितला न्हाय. म्हंजे ह्यानं सांगितलं तेच खरं."

टाळ्या पडल्या. फेट्याखाली माझ्या कपाळावर घाम आला होता. दुसऱ्या कुणी बघितला नाही, म्हणून मी सांगितलं तेच खरं. त्यांनी भाबडेपणानं माझा गुन्हाच वाचून दाखवला होता.

नोकरी लागली. चौकट भिंतीवर लागली. पुढची वर्षं मी वाईट शिकवलं असं नाही. प्रयोगशाळेत मुलांनी रीडिंग आधी पेनानं लिहावं, खाडाखोड केली तर ती दिसू द्यावी, याबद्दल मी कडक होतो. एकदा एका मुलाला लंबकाच्या प्रयोगातली रीडिंग पुस्तकातल्या उत्तरावरून उलटी मांडून काढल्याबद्दल मी अख्ख्या वर्गासमोर बोललो होतो. बोलताना आवाज चढला होता. आता वाटतं, तो कुणासाठी चढत होता.

सात वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडं पीएच.डी.साठी आली. गारगोटीच्या अलीकडं, आत, तिचं गाव. वडिलांची थोडी शेती, सहा म्हशी, दूध सोसायटीला घालायचं. ती पहाटे धारा काढायला मदत करून एसटी पकडायची आणि दहाला माझ्या खोलीत हजर. पहिल्या दिवशी तिनं भिंतीवरचा आलेख बघितला, माझं ते वाक्य ऐकलं, आणि विचारलं, "सर, चौथ्या ठिपक्याला एवढा वेळ का लागला?"

इतक्या वर्षांत हे विचारणारी ती पहिली. मी म्हणालो, "सरासरीपेक्षा काही केंद्रं उशिरा मोडतात." ते खोटं नव्हतं.

तिचा विषय होता अशी केंद्रं बनण्याची शक्यता गणितानं काढणं. कुठल्या दोन केंद्रांना किती वेगानं आदळलं तर किती अणू मिळतील. त्यात शेवटची पायरी सगळ्यात नाजूक. मिसळलेलं केंद्र तापलेलं असतं. ते एकतर न्यूट्रॉन बाहेर टाकून निवतं, नाहीतर दोन तुकडे होऊन जातं. तुकडे व्हायला त्याला एक चढ ओलांडावा लागतो. चढ उंच असेल तर केंद्र वाचतं, बुटका असेल तर संपतं. हा चढ एमईव्ही या ऊर्जेच्या एककात मोजतात, पण तो किती उंच, हे नक्की कुणालाच माहीत नसतं. आणि प्रत्येक न्यूट्रॉनच्या वेळी हीच परीक्षा पुन्हा, म्हणून चढ थोडासा वाढवला तरी उत्तर कितीतरी पटींनी वाढतं.

तिचं गणित ओळखीच्या सगळ्या प्रयोगांशी जुळत होतं. माझ्या अणूशी जुळत नव्हतं. तिच्या हिशोबानं आमच्या सहा आठवड्यांत तसा एक अणू मिळण्याची शक्यता जवळपास नव्हतीच.

"सर, आकडा येत नाही," ती म्हणाली.

"पुन्हा बघ."

तिनं चार महिने पुन्हा बघितलं. प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. दर सोमवारी यायची, कागद ठेवायची, म्हणायची, "तेवढाच येतोय." दर सोमवारी मी तिला एक नवी शंका काढून द्यायचो. ती तीही खोडून आणायची. चेहरा उतरत चालला होता. चूक आपलीच आहे असं तिला वाटत होतं आणि मी तसं वाटू देत होतो.

शेवटी मी म्हणालो, "चढाची उंची थोडी वाढव. अर्धा एमईव्ही पुरेल."

"कशाच्या आधारावर?"

"प्रयोग सांगतोय ना. प्रयोगात अणू दिसलाय. गणितानं प्रयोगाला धरून राहायला हवं."

"पण सर, मग बाकीचे प्रयोग बिघडतात."

"मग तेवढ्या केंद्रांपुरतीच वाढव."

तिनं कागद गोळा केले. मग म्हणाली, "बरं सर." त्या 'बरं'चा अर्थ मला कळला होता. इतकी वर्षं शिकवणाऱ्या माणसाला मुलांचं पटलेलं बरं आणि न पटलेलं बरं वेगळं ओळखता येतं.

लेख छापून आला. त्याच्यावर तिला परदेशातल्या एका गटाकडून पुढच्या कामासाठी बोलावणं आलं. प्रबंध बाहेर तपासायला गेला. आणि त्याच सुमारास दुसऱ्या एका देशातल्या प्रयोगशाळेनं आमचाच प्रयोग, आमच्याहून तगडा झोत वापरून, आमच्याहून जास्त दिवस करून पाहिला. त्यांना तो अणू एकदाही दिसला नाही. त्यांनी माझ्याबद्दल वाईट काही लिहिलं नव्हतं. आधीच्या निरीक्षणाला दुजोरा मिळत नाही, एवढं एक सभ्य वाक्य होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक साधे, हळू बोलणारे गृहस्थ होते. सेमिनार हॉलमध्ये विभागातले सगळे बसले होते. तिचे वडील मागच्या रांगेत, धुतलेला पांढरा सदरा, मांडीवर पिशवी. पिशवीत पेढे होते हे नंतर कळलं.

परीक्षकांनी पाचवं प्रकरण उघडलं. "हा अर्धा एमईव्ही इथं वाढवलाय. का?"

तिनं माझ्याकडं बघितलं.

मी पहिल्या रांगेत होतो. उठून 'हे मी सांगितलं होतं' म्हणायला काही लागत नव्हतं. मार्गदर्शकानं तसं म्हणणं रीतीतच बसतं. माझ्या हातात पेन होतं. मी त्याचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"तो माझा निर्णय होता," ती म्हणाली.

"आधार काय?"

"आधार नाही सर."

हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली. परीक्षकांनी प्रकरण मिटलं. त्यांना तिच्याबद्दल वाईट वाटत होतं असं दिसलं. त्यांनी लिहिलं की बाकीचं काम चांगलं आहे, पण पाचवं प्रकरण नव्यानं करावं, आणि उंची का वाढवली होती याचं स्पष्टीकरण एका पानात जोडावं. त्याशिवाय पदवी नाही. मुदत एक वर्ष. परदेशातलं बोलावणं पदवीवर अवलंबून होतं. ते दोन महिन्यांनी रद्द झालं.

तिचे वडील बाहेर माझ्यापाशी आले. "झालं न्हवं सर?" त्यांनी विचारलं. पिशवी छातीशी धरलेली. मी म्हणालो, थोडं राहिलंय. ते म्हणाले, "व्हतंय की. तुम्ही हाय न्हवं."

त्यानंतर ती कॉलेजात आली नाही. मी दोनदा फोन केला. तिनं उचलला नाही, आणि खरं सांगायचं तर उचलला नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. बायकोनं एकदाच विचारलं, "ती पोरगी येत नाही हल्ली?" मी म्हणालो, प्रबंधाचं थोडं राहिलंय, घरूनच करते. बायको गणिताची शिक्षिका आहे. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि वह्या तपासायला लागली.

अकरा महिने असेच गेले.

या वर्षी ऊसतोड जोरात असताना, एका रविवारी सकाळी, तिचे वडील माझ्या दारात उभे. हातात स्टीलचा डबा. "म्हस व्यालीया. चीक हाय, खरवस करा," म्हणाले. बायकोनं चहा ठेवला. ते खुर्चीवर अर्धेच टेकले.

"सर, पोरगी कामाला कमी न्हाय. धारा काढती, सोसायटीत दूध घालून येती, फॅट लागली का बघती. पर बोलत न्हाय. लग्नाचं काढलं तर म्हणती, कागद पुरा होऊ दे. कागद पुरा कर म्हटलं तर म्हणती, एका पानाचं आडलंय." त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "पाच-सा वर्सं आकडं मांडत व्हती. एका आकड्यानं सगळं आडलं म्हणती. कंचा आकडा वो तो?"

मी डब्याचं झाकण नीट बसवलं.

"मुदत ह्या म्हैन्याअखेर संपतीया. तुमच्या हाताखाली शिकली, तुमचंच ऐकंल. येऊन तेवढं समजावून सांगतासा का?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "जातील," ती म्हणाली. "आजच जातील."

आम्ही दोघं माझ्या गाडीतून निघालो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागं रांगा. मुधाळ तिट्ट्यापर्यंत ते बोलत होते, दुधाचं, वैरणीचं, पोरीनं लहानपणी फळ्यावर काढलेल्या गणितांचं. मी हं हं करत होतो. पुढं तेही गप्प झाले.

ती गोठ्यात होती. हात धुऊन आली, सोप्यात माझ्यासाठी खुर्ची ठेवली, स्वतः खाली बसली. वाळली होती. वडील म्हणाले, "बोला तुम्ही, मी वैरण टाकून येतो," आणि गेले.

मी वाटेत ठरवलेलं बोललो. पान सोपं आहे, म्हणालो. असं लिही की प्रयोगाच्या निष्कर्षाशी मेळ घालताना उंची वाढवली गेली, नव्या प्रयोगामुळं ती आता गरजेची राहिली नाही. परीक्षक मान्य करतील.

"गेली," ती म्हणाली. "वाढवली गेली. कुणी वाढवली सर?"

मी गोठ्याकडं बघितलं.

"असं पान मी आठ वेळा लिहिलंय. एकतर मी वाढवली असं लिहायचं, म्हणजे खोटं. न्हायतर तुम्ही सांगितली असं लिहायचं. ते मी कसं लिहू? तुम्ही लिहायला पाहिजे."

"मी लिहितो," मी म्हणालो. खरंच सुटल्यासारखं वाटलं. एवढंच असेल तर सोसेल, असं वाटलं. तिनं आतून वही आणि पेन आणून दिलं. मी मांडीवर वही घेऊन लिहिलं की पाचव्या प्रकरणातली वाढ विद्यार्थिनीच्या मताविरुद्ध, मार्गदर्शकाच्या सांगण्यावरून केली होती. तिचं मूळ गणित बरोबर होतं. प्रायोगिक निष्कर्षावर मार्गदर्शकाचा विश्वास असल्यामुळं हा गैरसमज झाला.

तिनं वाचलं. "शेवटची ओळ काढा."

"का?"

ती पुन्हा आत गेली आणि एक प्लास्टिकची फाइल घेऊन आली. आत एका पानाची छापील प्रत. निळी शाई छपाईत करडी झाली होती. मी ते पान वीस वर्षांनी बघत होतो.

"प्रबंधाच्या परिशिष्टात मूळ नोंदी जोडाव्यात म्हणून मी तुमच्या जुन्या प्रयोगशाळेकडनं मागवल्या होत्या, आल्या उशिरा," ती म्हणाली. "वरची ओळ दुसऱ्या कुणाची हाय. ही खालची तुमची. वीसमधला तुमचा दोन मी ओळखते सर. शेपटीला गाठ असती त्याच्या. पाच वर्सं माझ्या कागदावर लाल शाईत तोच बघितलाय." तिनं बोट ठेवलं. "आणि ही ओळ दोन ओळींच्या मधी बसवलीया. जागा पुरली न्हाय म्हणून अक्षर बारीक झालंय."

"हे तुला कधी कळलं?"

"परीक्षेच्या आधी पंधरा दिवस."

गोठ्यात म्हैस हंबरली. तिचे वडील तिला काहीतरी बोलत होते, माणसाशी बोलावं तसं.

"म्हणजे तू माझ्याकडं बघितलंस तेव्हा..."

"मदतीसाठी न्हवतं बघितलं. तुम्ही बोलताय का ते बघाय बघितलं." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही पेनाचं टोपण लावलं."

मी तिला म्हणालो की मी तिच्या आयुष्याचं वाटोळं केलं. मला वाटतं मी रडायच्या बेतात होतो. तिनं ते चालू दिलं नाही.

"सर, ते नंतर. आज आधी पान लिहा. बाबा येतील."

मी लिहिलं. शेवटच्या दुव्याची मर्यादा प्रयोगाआधी दहा सेकंद ठरली होती. चौथा संकेत पाहिल्यानंतर मी ती वीस केली आणि आधीची असल्याप्रमाणं नोंदवहीत लिहिली. विचारल्यावर खोटं सांगितलं. हे गटातल्या दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. साखळी खरी होती की नाही हे मी सांगू शकत नाही.

तिनं वाचलं, शेवटच्या वाक्याशी थांबली. "हे राहू दे," म्हणाली. "हे खरं हाय."

मग मला सही करायला सांगितली, तारीख घालायला सांगितली. तारखेत दोनचा आकडा आला. आम्ही दोघांनीही तो बघितला.

वडील पाय धुऊन आले. "समजावलं व्हय सर? झालं का?"

"झालं," ती म्हणाली.

"मग आता जेवल्याबिगर जायाचं न्हाय," ते म्हणाले, आणि आत भाकरीचं सांगायला गेले. मी जेवलो. भाकरी, वांग्याची भाजी, ताजं दही. ते मला वाढत होते, आणि पोरीला म्हणत होते, "बघ, म्हटलं न्हवतं, सर आलं की हुतंय." ती खाली मान घालून जेवत होती. तिनं त्यांना काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. ते त्यांच्यासमोरचं आणखी एक गप्प बसणं झालं, आणि तेही माझ्या खात्यावर आहे.

मुदत संपायच्या तीन दिवस आधी तिनं प्रबंध दिला. पाचव्या प्रकरणात तिचं पहिलं गणित, चार महिने मी खोडायला लावलेलं, जसंच्या तसं. शेवटी ते पान. तेच पान मी माझ्या जुन्या गटालाही पाठवलं. गटप्रमुख आता हयात नाहीत. त्या ज्येष्ठ बाईंचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की आपण दहा लिहिलं होतं हे त्यांना पक्कं आठवत होतं, आणि आजारपणामुळं आपलीच आठवण बिघडली असं त्या इतकी वर्षं समजत आल्या. दुसरं काही लिहिलं नव्हतं. ते पत्र मी एकदाच वाचू शकलो.

कॉलेजनं चौकशी समिती नेमली आहे. माझ्यावर जे व्हायचं ते होईल. तालमीच्या अध्यक्षांना कुठूनतरी कळलं. ते मला चौकात भेटले, एरवी दुरूनच हाक मारायचे ते या वेळी जवळ आले. "सर, मग तो अणू हुता का न्हवता?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. "माहीत न्हवतं तर तवाच सांगायचं की," ते म्हणाले, आणि निघून गेले.

तिला पदवी मिळेल असं परीक्षकांचं पत्र सांगतं. परदेशातलं बोलावणं पुन्हा आलेलं नाही. तिथं दुसऱ्या कुणाला घेतलं. ती गारगोटीला एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवते. सकाळी धारा काढूनच जाते. माझा फोन ती आता उचलते. कामाचं बोलते, आणि ठेवते.

चौकट उतरवली तेव्हा भिंतीवर तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला. शिपाई म्हणाला, "सर, तिथं दुसरं काय लावायचं?" मी म्हणालो, काही नको, तसंच राहू दे. नवीन मुलं येतात आणि त्या कोऱ्या चौकोनाकडं बघतात. त्यांनी विचारलं तर मी त्यांना हे सगळं सांगतो. अजून फक्त दोघांनी विचारलं आहे.